श्रीमंतांच्या विद्यापीठात कामापुरती मैत्री

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूर जिल्ह्यातली एक मुलगी, वडील एसटीत कंडक्टर. पूर्ण आर्थिक मदत मिळवून ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका नामांकित विद्यापीठात गेली आणि आता दुसऱ्या वर्षाला आहे. गणिताची असाइनमेंट द्यायच्या आदल्या रात्री, म्हणजे गुरुवारी, तिच्या खोलीत गर्दी असते, शनिवारी मात्र तिला कुणी विचारत नाही. पुण्याचा चुलतभाऊ फोनवर सांगतो, ‘अभ्यास काय इथेही झाला असता, तू तिथे ओळखी करायला गेलीयस.’ तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत : मला वापरून घेतलं जातंय का, मीही तसंच वागायला शिकू का, आणि रूममेटने थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या तिकडच्या घरगुती सणाला, घरी बोलावलंय तर जाऊ का?

अशाच एका खासगी विद्यापीठात मी बरीच वर्षं विद्यार्थी सल्लागार आहे. आर्थिक मदतीवर आलेली मुलं हेच माझं मुख्य काम, त्यामुळे तुझा प्रश्न माझ्यापुढे दर ऑक्टोबरात कुणी ना कुणी ठेवतंच.

तुझं निरीक्षण बरोबर आहे. ‘तू फार विचार करतेस’ असं म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस. बहुतेकदा त्यांना शनिवारच्या जेवणाचे पैसे मोजून बघावे लागत नाहीत. पण त्यावरून ही मुलं मुळातच मतलबी आहेत असं तू ठरवलंयस, ते मला घाईचं वाटतं. हिशेब बराचसा त्या जागेनेच मांडून ठेवलेला असतो. तो कसा मांडलाय हे कळलं, की त्यातली माणसं निवडणं सोपं जातं.

आधी तू कुणाच्या शेजारी बसली आहेस ते बघ. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी आयकराच्या आणि कॉलेजांच्या नोंदी एकमेकींना जोडून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३८ कॉलेजांत सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं ही खालच्या ६० टक्के घरांतल्या सगळ्या मुलांपेक्षा जास्त निघाली. त्या ३८ मध्ये प्रिन्स्टन, येल, ब्राउन, डार्टमथ आणि पेनसिल्व्हेनिया ही आयव्ही लीग या आठ जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटातली पाच होती. वरचा १ टक्का म्हणजे वर्षाला साधारण ६ लाख ३० हजार डॉलरच्या पुढचं घर, आणि खालचे ६० टक्के म्हणजे ६५ हजारांच्या आतलं. २०२३ मध्ये चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली : प्रवेशपरीक्षेचे गुण सारखे असले तरी १ टक्क्यातल्या मुलाची अशा विद्यापीठात जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त असते. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, खेळाडूंची वेगळी भरती, आणि महागड्या शाळांतल्या मुलांच्या पदरात जास्त पडणारे ‘अभ्यासाबाहेरचे’ गुण, ही त्याची कारणं.

याचा तुझ्या शनिवारशी संबंध असा, की ही मुलं पहिल्या दिवशी अनोळखी म्हणून येत नाहीत. कुणी एकाच बोर्डिंग स्कूलमधले, कुणी उन्हाळी शिबिरातले, कुणाच्या आया एकमेकींच्या वर्गमैत्रिणी. त्यांचा शनिवार तू विमानात बसण्याआधीच ठरलेला होता. तुला वगळायचं असं कुणी ठरवलेलं नाही. तू त्या यादीत कधी नव्हतीसच. याचं दुःख कमी होत नाही, मला माहीत आहे. पण ‘मी त्यांना आवडत नाही’ हा अर्थ तरी त्यातून काढू नकोस.

मग येतात निवडक विद्यार्थ्यांनाच सदस्य करून घेणारे क्लब. हार्वर्डचा पोर्सेलियन क्लब १७९१ पासूनचा. प्रिन्स्टनला प्रॉस्पेक्ट अव्हेन्यूवर आणि लगत ११ ईटिंग क्लब, म्हणजे विद्यार्थ्यांचे जेवणाचे क्लब, आहेत आणि त्यांतल्या काहींत मुलाखतीसारख्या निवडीतून जावं लागतं. म्हणजे कुणी कुणाबरोबर जेवायचं याचीही निवड होते. एकाच लिंगाच्या अशा क्लबांतल्या विद्यार्थ्यांना विद्यार्थी संघटनांमधली पदं द्यायची नाहीत, असा नियम हार्वर्डने २०१६ मध्ये जाहीर केला आणि कोर्टकचेऱ्या झाल्यावर २०२० मध्ये मागे घेतला.

या क्लबांवरचा एक अभ्यास मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते, कारण ‘श्रीमंतांच्या जवळ राहा, आपोआप वर जाशील’ या समजुतीची त्याने पार वाट लावली आहे. मिशेलमन, प्राइस आणि झिमरमन या अर्थतज्ज्ञांनी १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या हार्वर्डच्या नोंदी तपासल्या. त्या काळात विद्यार्थ्यांना खोल्या देताना श्रीमंत आणि सामान्य घरांतली मुलं मिसळली जावीत असा प्रयत्न झाला होता, त्यामुळे कुणाच्या शेजारी कोण आलं हे पुष्कळसं नशिबावर होतं. नामांकित खासगी शाळांतली मुलं अभ्यासात इतरांपेक्षा मागे होती, तरी क्लबांत तीच जास्त जात आणि पुढे मोठ्या पगारावरही तीच. क्लबच्या सदस्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा ३२ टक्के जास्त होती. आता कळीचा भाग : श्रीमंत शेजार मिळाल्याचा फायदा जवळजवळ सगळा खासगी शाळांतल्याच मुलांना झाला. साध्या शाळेतून आलेल्या मुलाला तोच शेजार मिळूनही काही हाती लागलं नाही. भिंतीला भिंत लागून असणं पुरत नाही, हे शंभर वर्षांपूर्वीही खरं होतं आणि तुझ्या चुलतभावाला हे कळायला हवं.

आजचं चित्र थोडं बरं आहे, पण तोंडवळा तोच. २०२२ साली चेट्टींच्याच गटाने अमेरिकेतल्या ७ कोटी २० लाख फेसबुक वापरणाऱ्यांच्या मैत्र्या तपासल्या. गरीब आणि श्रीमंत यांच्यात मैत्री कमी असण्याचं साधारण निम्मं कारण ते एकत्र येतच नाहीत हे होतं, आणि निम्मं कारण एकत्र येऊनही आपापल्यांतच राहतात हे. मात्र लहान शाळांत ही दुसरी दरी कमी होती. माझा अनुभव अगदी हाच आहे. पाचशे जणांच्या व्याख्यानात किंवा मोठ्या पार्टीत वर्ग ओलांडून मैत्री झालेली मी क्वचित पाहिली. नाटकाच्या पडद्यामागे, प्रयोगशाळेत, आठ-दहा जणांच्या गायनवृंदात, जेवणघरात भांडी विसळण्याच्या पाळीवर मात्र झालेली पुष्कळ पाहिली. शनिवारच्या पार्टीचं आमंत्रण मिळवण्यासाठी धडपडू नकोस, अशा एखाद्या छोट्या गटात नियमाने जा.

आता पैशांचं. वर्ग माणसाच्या वागण्यात जितका दिसतो त्याहून जास्त बिलात दिसतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने मला फोन उघडून दाखवला होता. व्हेन्मो या पैसे पाठवायच्या अ‍ॅपवर केकचं चित्र, खाली ‘बर्थडे डिनर’, आणि ६८ डॉलरची मागणी. बारा जण गेले होते, बिल समान वाटलं होतं. त्याने मेन्यूतली सर्वांत स्वस्त वस्तू म्हणून एक सूप घेतलं होतं आणि पाणी प्यायला होता. ते ६८ डॉलर म्हणजे लायब्ररीच्या काउंटरवरच्या त्याच्या दोन पाळ्यांहून जास्त कमाई. त्याने मुकाट्याने पैसे पाठवले. पुढच्या वेळी ‘काम आहे’ म्हणाला, त्याच्या पुढच्या वेळीही. डिसेंबरपर्यंत त्याला बोलावणं बंद झालं. तो मला म्हणाला, गरीब आहे म्हणून मला टाकलं. योगायोगाने त्याच टोळक्यातला एक मुलगा वेगळ्या कामासाठी माझ्याकडे यायचा. बोलता बोलता तो म्हणाला, ‘त्याला आम्ही आवडत नाही बहुतेक, कधी येतच नाही.’ दोघंही खरं बोलत होते. वाढदिवसाच्या टेबलावर बारा जणांत एकाला सूपच का हवंय, हे उरलेल्या अकरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण त्यांना तसा विचार करायची कधी वेळच आली नव्हती.

म्हणून माझा पहिला सल्ला : ‘काम आहे’ म्हणू नकोस. ‘मला ते परवडत नाही, जेवण झाल्यावर येते’ असं एकदा, सरळ, ओशाळं न होता म्हण. हे फार जड जातं, मी जाणते. पण हे वाक्य बोलल्यानंतर समोरची माणसं जितकी ओळखू येतात तितकी वर्षभराच्या गप्पांत येत नाहीत. एखादी म्हणेल, ‘मग डायनिंग हॉलमध्येच खाऊया, नंतर फिरायला जाऊ.’ ती तुझी मैत्रीण होऊ शकते. एखादी लगेच ‘मी भरते ना’ म्हणेल. त्यात वाईट काही नाही, एखाद्या वेळी घे, पण तोच रिवाज पडू देऊ नकोस. आणि काही जण गप्प होऊन विषय बदलतील. त्यांच्यावर चिडायचं कारण नाही, त्यांच्यामागे वेळही घालवायचा नाही.

गुरुवार रात्रीच्या गर्दीकडे येते. तू गणित समजावतेस आणि ते निघून जातात, म्हणून ती कामापुरती मैत्री, असं तू म्हणतेस. मग मी उलट विचारते : तू त्यांच्याकडे कधी काही मागितलंस का? आपल्या घरांतून ‘कुणाचं मिंधं राहायचं नाही’ हे इतकं बिंबवलेलं असतं, की आपण देत राहतो, घेत नाही, आणि मग संबंध एकतर्फी राहिला म्हणून कष्टी होतो. खरं तर देण्याघेण्याचा हिशेब आपल्यालाही नवा नाही. लग्नात आहेराची वही ठेवतात, कुणी काय दिलं ते लिहितात, त्यांच्याकडच्या कार्याला तेवढं किंवा थोडं जास्त परत करतात. त्या वहीमुळे नातं हलकं होत नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतं. तेव्हा माग. तुझा इतिहासाचा निबंध वाचून इंग्रजी तपासायला सांग. इंटर्नशिपच्या अर्जात काय लिहितात ते विचार. जी तुझ्यासाठी तासभर बसेल तिच्यासाठी खोलीचं दार उघडं ठेव. जी म्हणेल ‘या आठवड्यात जमणार नाही’ आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा वही घेऊन येईल, तिला सांग, ‘उद्या प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सला जाऊ, तिथे विचारू.’

यातच एक धोका आहे, तो गांभीर्याने घे. समजावणं वेगळं आणि उत्तरं उतरवून देणं वेगळं. उतरवाउतरवी पकडली गेली तर देणाराही तितकाच दोषी धरला जाऊ शकतो, आणि शिक्षा दोघांना सारखी झाली तरी तिची किंमत सारखी नसते. ज्याचे आईवडील वकील लावू शकतात तो एक सत्र घरी बसून परत येतो. तुला निलंबन झालं तर विद्यार्थी व्हिसाचाच प्रश्न उभा राहतो, आर्थिक मदतीचंही बघावं लागतं. गुरुवारी रात्री कुणी ‘फक्त फोटो काढू दे’ म्हटलं तर नाही म्हण. त्या नकारावर जी मैत्री मोडेल ती तशीही टिकणारी नव्हती.

तू लिहिलं नाहीयेस, पण विचारल्याशिवाय राहवत नाही : भारतीय विद्यार्थ्यांच्या गटात काय अनुभव आहे? आपल्याकडची बरीच मुलं मोठ्या आशेने तिथे जातात आणि सर्वांत जास्त तिथेच दुखावतात. अमेरिकन मुलाला सोलापूर आणि मलबार हिल यातला फरक कळत नाही. मुंबई-दिल्लीच्या महागड्या शाळांतून आलेल्या मुलांना तो पहिल्या दोन वाक्यांत कळतो. ‘शाळा कुठली?’, ‘मुंबईत कुठे?’, आणि कधी कधी नुसतं आडनाव विचारून थांबणं. वर्गाबरोबर जातही समुद्र ओलांडून येते, आणि तिथे तिला ओळखणारे आपलेच असतात. असं झालं असेल तर ते तुझ्या मनाचे खेळ नाहीत. दिवाळीला जा, गाणी-जेवणाचा आनंद घे, पण तो गट आपला असायलाच हवा असं ओझं घेऊ नकोस. घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलांचे गट आता बहुतेक विद्यापीठांत आहेत. टेक्सासच्या शेतमजुराची मुलगी तुला मुंबईच्या उद्योगपतीच्या मुलीपेक्षा लवकर समजून घेईल, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता चुलतभावाचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे. ओळखींनी फरक पडतो, आणि तुझ्यासारखीला जास्त पडतो. डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात, तेवढ्याच हुशार बहुतेक मुलांना नामांकित कॉलेजात गेल्याने पुढच्या कमाईत फारसा फायदा दिसला नाही. पण ज्यांचे आईवडील कमी शिकलेले होते त्यांना तो दिसला. बाकीच्यांच्या घरात जे आधीच असतं ते यांना कॉलेजातून मिळतं, हे त्यामागचं एक कारण असावं.

पण त्या ओळखी कशा चालतात हेही उघड्या डोळ्यांनी बघ. लॉरेन रिव्हेरा या समाजशास्त्रज्ञ बाईंनी बड्या बँका, सल्लागार कंपन्या आणि वकिली फर्मांत माणसं निवडणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. उमेदवार आपल्यासारखा वाटतो का, त्याच्याशी गप्पा रंगतील का, याला तिथे फार वजन होतं. पुढे त्यांनी आणि अँड्रास टिल्चिक यांनी वकिली फर्मांना बनावट अर्ज पाठवून पाहिलं. शिक्षण आणि गुण तेच, फक्त आडनाव, छंद आणि शिष्यवृत्तीसारखे बारीक तपशील वेगळे. एकाचा छंद शिडाची होडी आणि पोलो, दुसऱ्याचा धावणं आणि फुटबॉल. उच्चवर्गीय वाटणाऱ्या पुरुषांना १६ टक्के अर्जांवर बोलावणं आलं, खालच्या वर्गातल्या वाटणाऱ्या पुरुषांना जेमतेम १ टक्का अर्जांवर. उच्चवर्गीय वाटणाऱ्या बायकांनाही त्या वर्गाचा फायदा मिळाला नाही, हे वेगळं दुखणं.

हे वाचून होडी चालवायला शिकू नकोस. सोंग घेणारी मुलं मी पाहिली आहेत. चौथ्या वर्षापर्यंत ती इतकी थकतात की नोकरी मिळाली तरी चेहऱ्यावर आनंद नसतो. त्यापेक्षा माहिती माग, तीही उघडपणे. ‘तुझे बाबा त्या क्षेत्रात आहेत ना, त्यांच्याशी वीस मिनिटं बोलता येईल का? मला तिथे अर्ज करायचाय’ असं वर्गमैत्रिणीला विचारणं म्हणजे लाचारी नाही आणि वापरणंही नाही. हेतू लपवून महिनाभर गोड बोलणं, आणि मग तोच प्रश्न काढणं, हे वापरणं. श्रीमंत घरांतली मुलं असं बिनदिक्कत विचारतात, कारण नकार आला तर त्यांचं काही जात नाही. तुझंही जात नाही.

प्राध्यापकांच्या बाबतीतही तेच. अँथनी जॅक या समाजशास्त्रज्ञाने दाखवलंय, की गरीब घरातली पण शिष्यवृत्तीवर खासगी शाळांत शिकून आलेली मुलं प्राध्यापकांच्या खोलीत सहज जातात, आणि साध्या सरकारी शाळांतून आलेली मुलं त्याला पुढे पुढे करणं समजून लांब राहतात. शिफारसपत्रं मात्र त्या खोलीतूनच निघतात. आठवड्यात एकदा जा. शंका नसली तरी जा, त्यांच्या संशोधनाबद्दल विचार.

मैत्रीत पैसा आला की मैत्री नासते असं आपण पटकन म्हणतो, म्हणून एक उदाहरण देते. १९१३ साली बडोदे संस्थानाची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथल्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांच्याबरोबर राहायला होते नवल भथेना, पारशी. ही मैत्री जन्मभर टिकली. १९२० मध्ये लंडनचं अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब निघाले, तेव्हा स्वतःची बचत आणि शाहू महाराजांची मदत होतीच, शिवाय भथेनांकडून घेतलेलं ५,००० रुपयांचं कर्जही होतं. पैसा त्या मैत्रीत आला, पण आधी एकत्र राहणं आलं, मग काही वर्षं गेली, आणि मग पैसा आला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. दोन महिन्यांच्या ओळखीत कुणाकडून उसने पैसे घेऊ नकोस. त्यासाठी डीनच्या कार्यालयात बहुधा आणीबाणीचा निधी असतो. हिवाळी कोट, डोळ्यांचा चष्मा, घरी कुणी आजारी पडलं तर विमानाचं तिकीट, अशा गोष्टींना तो मिळू शकतो आणि मागितला नाही तर तसाच पडून राहतो.

राहिलं थँक्सगिव्हिंग. जा. ज्या रूममेटने घरी बोलावलंय तिला तू कुठल्याच कामाला लागत नाहीयेस, हे लक्षात घे. आधी विचारून घे की कसं जायचं, किती दिवस, कपडे कसे लागतील. तिकिटाचा खर्च झेपणार नसेल तर आत्ताच सांग, आदल्या दिवशी नको. सोलापुरी चादर हाताशी असेल तर ती भेट म्हणून ने. शेंगाचटणी न्यायची असेल तर घरात कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का ते आधी विचार, तिकडे ती पुष्कळांना असते. वडील काय करतात असं कुणीतरी विचारणारच. ‘सरकारी बससेवेत कंडक्टर आहेत’ एवढं सांग. पुढे माफी मागितल्यासारखं काही जोडू नकोस. जेवण झाल्यावर भांडी आवरायला उठ, तिथे पाहुणेही उठतात. परतल्यावर आठवड्याच्या आत तिच्या आईला हाताने लिहिलेलं आभाराचं कार्ड पाठव. ते तिथे अपेक्षित असतं, आणि आपल्या मुलांना कुणी सांगत नाही म्हणून राहून जातं.

आणि मार्चच्या सुट्टीत जेवणघर चालू राहतं का, ते याच आठवड्यात विचारून ठेव. वर सांगितलेल्या जॅक यांनी सुट्टीत बंद राहणाऱ्या जेवणघरांबद्दल लिहिल्यानंतर काही ठिकाणी सोय झाली, सगळीकडे नाही. तुमच्याकडे नसेल तर सुट्टीत मागे राहणाऱ्या आणखी दोघा-तिघांना बरोबर घेऊन डीनकडे जा.